नळीतला हुरडा

माझ्या वडिलांच्या गालाचं ऑपरेशन दसऱ्यानंतर संभाजीनगरला झालं. ज्या गालात त्यांनी आयुष्यभर तंबाखू धरली, तो गाल डॉक्टरांनी आतून काढला आणि मांडीची कातडी नेऊन तिथं लावली. वडील शुद्धीवर आले तेव्हा त्यांच्या नाकातून एक बारीक नळी थेट पोटात गेलेली होती. जखम भरेपर्यंत तोंडानं पाण्याचा थेंबही घ्यायचा नव्हता. जे काही जाईल ते नळीतून.

आमचं गाव घनसावंगीच्या पुढं, गोदावरीच्या अलीकडं. घरी ऊस आणि कापूस, पण वडिलांची पंचक्रोशीतली ओळख शेतीची नव्हती, पंगतीची होती. लग्नात ते बसले की वाढपी बादली घेऊन त्यांच्यासमोरच थांबायचा. आणि जेवढं खायचे त्याच्या दुप्पट दुसऱ्याला घालायचे. दारावरून कुणी गेलं आणि घरात काही शिजलेलं असलं, तर तो माणूस तसाच पुढं गेला असं मी तरी पाहिलं नाही. अशा माणसाला दर दोन तासांनी एक मोठी सिरिंज लावून पांढरं पाणी पाजायची वेळ आली होती.

मी जालन्याला एका कार्यालयात नोकरीला आहे. बायको, मुलं तिथंच. दवाखान्यातून सुटल्यावर वडिलांना जालन्याला ठेवायचा माझा विचार होता, पण त्यांनी बोटानं जमिनीकडं दाखवलं आणि मग लांब हात केला. बोलता येत नव्हतं, तरी अर्थ सरळ होता. गाव. मी रजा काढली आणि त्यांना घेऊन गावी आलो.

दवाखान्यातल्या सिस्टरनं सगळं नीट शिकवलं होतं. सरळ बसवायचं, हळू ओतायचं, आधी नि नंतर साधं पाणी सोडायचं, अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. हे मी आणि माय दोघांनीही पाठ केलं होतं. अडचण एकच होती. ओतायचं काय? कागदावर पातळ आहार, जास्त प्रथिनं असं लिहिलेलं होतं. माय दूध द्यायची, वरणाचं पाणी द्यायची, भाताची पेज द्यायची. वडील वाळत चालले. सदरा खांद्यावर खुंटीला अडकवल्यासारखा दिसायला लागला.

मग एक दिवस मायला राहवलं नाही. तिनं भाकरी आणि मेथीची भाजी मिक्सरमध्ये फिरवली, पाणी घातलं आणि नळीत सोडली. नळी गच्च बंद पडली. रात्र व्हायच्या आत जालना गाठायचं म्हणून जीप केली, तिथं जुनी नळी काढून नवी घातली. घालताना वडिलांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते परत आले ते नळीशी वैर धरूनच. जेवणाची वेळ झाली की भिंतीकडं तोंड करायचे, हातानं सगळ्यांना बाहेर जा म्हणायचे. भेटायला आलेल्या माणसाला तर खोलीत येऊच द्यायचे नाहीत. अर्धी सिरिंज गेली की बस म्हणून हात आडवा.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की महिन्याभरात शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू करायचे आहेत, तोवर वजन उतरता कामा नये. आणि ते तर रोज उतरत होतं.

माझ्या कार्यालयातल्या एकाच्या मावशीचं असंच ऑपरेशन झालं होतं. त्याला फोनवर हे सांगत होतो, तर तो म्हणाला, "एक बाई आहेत. डायटिशियन. बदनापूरला राहतात. घरी येतात."

"गावी? इतक्या लांब?"

"विचारून तर बघ."

मी फोन केला. मला वाटलं, वय, वजन, आजार विचारतील. तेही विचारलं, पण नंतर. पहिला प्रश्न होता, "घरात मिक्सर आहे ना? आणि तुमच्याकडं लाइट किती वाजता जाते?" मी सांगितलं. मग, "सकाळी घरात पहिल्यांदा गॅस कोण पेटवतं?" आई, म्हटलं. "दुपारी काकांजवळ कोण असतं?" तेही आईच. "मग मला त्यांना भेटायला लागेल. परवा येते." आपली फी आणि येण्याजाण्याचा खर्च त्यांनी त्याच फोनवर सांगितला. संकोच नाही, उगाच लांबण नाही. मला ते आवडलं.

बदनापूरहून रेल्वेनं जालना, तिथून एसटीनं घनसावंगी, पुढं वडापची जीप, आणि फाट्यावरून माझ्या मोटारसायकलवर, अशा त्या आमच्या घरी पोचल्या. तिशीच्या आसपास वय. साधा सुती ड्रेस, पायात बूट, खांद्याला कॅनव्हासची थैली. थैलीतून त्यांनी आधी वजनकाटा काढला, मग दोन गाळण्या, मलमलचं फडकं, झाकणाचे दोन डबे, आणि शेवटी पाकिटातली एक नवी कोरी नळी. तसलीच, वडिलांच्या नाकात होती तशी. मायचा चेहरा उतरला. तिला वाटलं, परत नळी बदलायला आल्या.

"तुम्ही दवाखान्यातल्या का?" मायनं विचारलं.

"होते. आता नाही."

"मंग सरकारी?"

"नाही काकू. मी माझीच."

मायनं माझ्याकडं पाहिलं. असलं माणूस तिनं आजवर पाहिलं नव्हतं. शिकलेली बाई एक तर दवाखान्यात असते, शाळेत असते, नाहीतर पंचायत समितीत असते. स्वतःचीच असलेली बाई कुणाच्या घरी स्वयंपाक बघायला कशाला येईल?

त्या वडिलांच्या खोलीत गेल्या. वडिलांनी भिंतीकडं तोंड केलं. त्या खाली सतरंजीवर बसल्या आणि पाठीशीच बोलल्या, "काका, मी तुम्हाला काही आग्रह करायला आले नाही. तुमच्या घरात आज काय शिजलंय ते बघायला आलेय."

वडील हलले नाहीत. पण हात आडवा केला नाही, हे मी पाहिलं.

स्वयंपाकघरात त्यांनी मायला विचारलं, आज काय केलंय? माय ओशाळून म्हणाली, "आमचं काय, ज्वारीची भाकर, शेपूची भाजी, मुगाचं वरण. आम्ही गिळून राह्यलो कसंतरी."

"मग काकांनाही तेच देऊ."

"न्हाई न्हाई. त्याच्यानंच तर नळी बंद पडल्ती."

"आज नाही पडणार. तुम्ही करा, मी नुसतं सांगते."

पुढचा तासभर मी दारात उभा राहून बघत होतो. त्यांनी मायकडून ज्वारीचं पीठ आणि मुगाची डाळ एकत्र शिजवून घेतली, इतकी घट्ट की पळी उभी राहावी. शिजवतानाच चिमूट मीठ, तेल आणि शेंगदाण्याचं घोटलेलं कूट. माय म्हणत राहिली, "हे कुठं जातंय नळीतून?" मग त्यांनी गॅस बंद करायला लावला, थोडं निवू दिलं, आणि आपल्या डब्यातलं चमचाभर पीठ त्यात घालून ढवळायला सांगितलं. माय ढवळत होती, आणि ते घट्ट मिश्रण तिच्या पळीखाली सैल पडत गेलं. बघता बघता दुधासारखं वाहायला लागलं.

माय थांबली. "पाणी कव्हा घातलं?"

"घातलंच नाही."

"मंग हे पातळ कशानं झालं?"

"हे पीठ मोड आलेल्या ज्वारीचं आहे. दाणा भिजवायचा, मोड आणायचे, वाळवायचा, हलका भाजून दळायचा. मोड येताना दाणा आपल्यातलं घट्ट पीठ फोडायला लागतो, कोंबाला खायला मिळावं म्हणून. तेच काम तो इथं करतो. तुम्ही पाणी घालून पातळ करत होता काकू, त्यानं काकांचं पोट पाण्यानंच भरत होतं. ह्याच्यात धान्य सगळं तसंच आहे."

मायनं पळी वर धरून धार सोडून बघितली. पुन्हा सोडली. मग त्यांनी ते परत एक उकळी आणून गाळायला लावलं, आधी गाळणीतून, मग मलमलमधून. घरात केलेलीच लसणाच्या फोडणीची शेपूची भाजी आणखी मऊ शिजवून, वाटून, गाळून त्यात मिसळली. आणि मग ती थैलीतली कोरी नळी बाहेर निघाली. मोरीवरच्या खिळ्याला त्यांनी ती टांगली, खालच्या टोकाला तांब्या ठेवला, वरून सिरिंज लावून ओतलं. धार अडखळली नाही. तांब्या भरला.

"ह्या नळीतून गेलं तरच त्या नळीत घालायचं. रोज. ही तुमच्याकडंच राहू द्या."

मायची भीती तिथं मोडली, असं मला वाटतं. त्या दिवसापर्यंत ती ओतताना सारखी थांबून नळीकडं बघायची.

अंडं घरात चालतं का, हेही त्यांनी विचारलं. माय म्हणाली, "गॅसवर न्हाई. बाहेरच्या चुलीवर चालतं." ठीक, मग बाहेरच्या चुलीवर उकडा, दुधात वाटा, गाळा. दुपारी लाइट नसते तेव्हा मिक्सर लागणार नाही अशा दोन गोष्टी सांगितल्या. मापं मिलीत सांगितलीच नाहीत. आमच्या मांडणीवरची एक वाटी आणि एक पेला उचलून त्यांच्या सिरिंजनं पाणी भरून मोजलं आणि म्हणाल्या, "ही वाटी सकाळची, हा पेला बाकीच्या वेळेचा."

वडिलांना द्यायची वेळ झाली तेव्हा त्या आधी वाटी घेऊन त्यांच्या नाकाजवळ गेल्या. "काका, ज्वारी, मुगाचं वरण, शेपू. लसणाची फोडणी काकूंनी दिलीय, तुमच्यासाठी वेगळी नाही केली. घरातलंच आहे." वडील वळले. वाटीकडं पाहिलं, वास घेतला. सगळं घेतलं नाही, पण नेहमीपेक्षा जास्त घेतलं.

जाताना त्या मायला एवढंच म्हणाल्या, "काकू, प्रत्येक वेळी काय आहे ते त्यांना नाव घेऊन सांगा. नुसतं 'वेळ झाली' म्हणू नका."

त्यांना फाट्यावर सोडायला गेलो तेव्हा जीपला वेळ होता. आम्ही टपरीपाशी उभे राहिलो. मी विचारलं, "मॅडम, दवाखान्यातली नोकरी का सोडली?"

"मॅडम नका म्हणू दादा." त्यांनी थैली खांद्यावरून उतरवली. "नोकरी वाईट नव्हती. डॉक्टर चांगले होते. पेशंटला घरी सोडायचे त्या दिवशी मी त्याच्या माणसांना समजावून सांगायचे, कागद द्यायचे. मंठ्याकडच्या एक बाई होत्या. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, मान हलवली. दारातून परत आल्या आणि मला म्हणाल्या, 'ताई, दोनशे मिली म्हंजी किती तांबे?' मला उत्तर येत होतं, पण त्यांच्या घरचा तांब्या केवढा ते कुठं माहीत होतं? रविवारी सुटी होती. त्यांच्या घरी गेले, तांब्या बघायला."

"मग?"

"मग सुटीचे रविवार पुरेनात."

त्यांचे वडील कचेरीतून निवृत्त झालेले. मुलीनं पगाराची नोकरी सोडून गावोगाव फिरावं हे त्यांना पटलं नव्हतं. सासरचे काही बोलले नाहीत, पण आठवडाभर घरात शांतता होती. पहिल्या वर्षी घरं थोडी मिळायची, म्हणून त्यांनी जालन्यातल्या एका वसतिगृहाच्या मेसचं काम धरलं, आठवड्यातून एक दिवस. पुढं एका कारखान्याच्या कँटीनचं आलं. भट्टीपाशी घाम गाळणाऱ्या माणसांना काय आणि केव्हा द्यायचं, ते. संध्याकाळी फोनवरचे पेशंट. मोड आलेलं पीठ त्या बदनापूरच्या चार बायकांकडून करून घ्यायच्या. त्या बायकांचा तो धंदा झाला होता. हे सगळं त्यांनी सांगितलं ते एखाद्या दुकानदारानं आपला माल कुठून येतो ते सांगावं तसं, सरळ. दवाखान्याबद्दल कडवट शब्द नाही. उलट म्हणाल्या, "तिथं शिकले म्हणून इथं जमतं. आणि काकांचं काहीही बदलायचं तर मी त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच बदलते. ते तुम्हीही विसरू नका."

जीप आली. मागं दोन पोत्यांच्या मध्ये त्यांना जागा मिळाली. थैली मांडीवर घेऊन बसल्या आणि जीप हलायच्या आत फोनवर कुणाला तरी विचारायला लागल्या, "ताप आहे का आज? मग दूध थांबवा, मी सांगते काय ते."

त्यानंतर त्या दर आठवड्याला एकदा यायच्या. काटा काढायच्या, वडिलांना उभं करायच्या. पहिल्या आठवड्यात वजन थांबलं. पुढच्या आठवड्यात किंचित वर सरकलं. मायला आता ह्या कामाची गोडी लागली होती. सकाळी खोलीच्या दारातून मोठ्यानं सांगायची, "आज दुधीची भाजी हाय. भाकर कालच्या नव्या पिठाची हाय. ऐकून राह्यले का?" वडील मान हलवायचे.

एका सकाळी मी सिरिंज धरून बसलो होतो. मायनं वाटी त्यांच्या नाकाशी नेली. वडिलांनी वास घेतला, तोंडातून काहीतरी आवाज काढला. मला कळलं नाही. मायला कळलं.

"मीठ? घातलंय की बराबर."

वडिलांनी भुवई वर केली, म्हणजे विश्वास नाही. माय चिडली, बोटानं वाटीतलं चाटून बघितलं आणि गप्प आत गेली. मीठ विसरली होती. जिभेवर येणारच नव्हतं त्या जेवणाचं मीठ वडिलांनी वासावरून की मायच्या घाईवरून ओळखलं, कुणास ठाऊक. मी संध्याकाळी हे त्या डायटिशियन ताईंना फोनवर सांगितलं. त्या बराच वेळ हसत होत्या. मग म्हणाल्या, "आता मला काळजी नाही."

शेकांच्या वेळी वडील संभाजीनगरला माझ्या बहिणीकडं राहिले. ते दिवस वाईट गेले. तोंड आतून सोलवटलं, थुंकी घट्ट झाली, मळमळ सुरू झाली. ताई फोनवर होत्या. कधी म्हणायच्या, वाटी अर्धी करा, वेळा वाढवा. कधी म्हणायच्या, आज घरचं राहू द्या, डॉक्टरांनी लिहून दिलेली डब्यातली पावडरच द्या, तीही चांगली असते, तिच्याशी भांडण नाही आपलं. शेक मध्येच थांबवावे लागले नाहीत. तपासणीला डॉक्टरांनी वजन बघून विचारलं, "घरी कोण करतं ह्यांचं?" मी सांगितलं. त्यांनी ताईंचा नंबर मागून घेतला.

संक्रांतीनंतर आम्ही गावी आलो. नळी अजून होतीच. शेतात ज्वारी हुरड्याला आली होती. दर वर्षी आमच्या मळ्यात वडील हुरडा करायचे. भावकी, मित्र, घनसावंगीचे चार व्यापारी, माझ्या कार्यालयातली मंडळी, सगळे यायचे. गूळभेंडी ज्वारीचा एक पट्टा त्यासाठीच राखलेला असायचा. त्या वर्षी मायनं विचारलं तर वडिलांनी हात आडवा केला. न्हाई.

ताई त्या आठवड्यात आल्या तेव्हा मायनं बोलता बोलता हे सांगितलं. ताईंनी आधी काटा काढला. वजन बघितलं, नळी बघितली. मग मला म्हणाल्या, "दादा, शेतातून कोवळी चार कणसं आणता का?"

मी आणली. चुलीतल्या निखाऱ्यावर भाजली, मायनं चोळली. हिरवे, रसरशीत दाणे निघाले. ताईंनी ते वाटून घेतले, दुधात शिजवले, वाटले पुन्हा, फडक्यातून पिळून काढले. फिकट हिरवं, दाटसर दूध निघालं. मोरीवरच्या नळीतून सोडलं. अडलं. आणखी गाळलं, चमचाभर मोडाचं पीठ घातलं. गेलं.

वाटी घेऊन त्या वडिलांकडं गेल्या. "काका, हुरडा नळीतून जातो का, हे मलाही माहीत नव्हतं. जातो. आता लोकांना बोलवायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

वडिलांनी वाटी हातात घेतली. शेकांमुळं जीभ मेली होती, पण नाक शाबूत होतं. बराच वेळ त्यांनी वाटी तशीच नाकापाशी धरली. मग ती खाली ठेवून मला खूण केली. फोन.

रविवारी मळ्यात हुरडा भाजायची आगटी पेटली. ह्या वेळी माणसं मोजकीच बोलावली होती, पण आली जास्त. लिंबाखाली बाज टाकली होती. वडील पाठीला लोड लावून ताठ बसले. ताई सकाळच्या गाडीनं आल्या होत्या. उकळून आणलेल्या पाण्याची कळशी, झाकलेली वाटी, स्वच्छ धुतलेली सिरिंज, सगळं त्यांनी आणि मायनं एका पाटावर मांडलं होतं. लोक कणसं चोळत होते, जवसाची चटणी, दही, गूळ फिरत होतं, पण बाजेकडं कुणी सरळ बघत नव्हतं. बोलणंही खालच्या आवाजात चाललं होतं.

वडिलांनी हात पुढं केला. कुणीतरी गरम कणीस दिलं. त्यांनी ते नेहमीसारखं तळहातावर चोळलं, फुंकर मारायला गेले आणि ओठ जुळेनात, म्हणून हात हलवून कोंडा उडवला. दाणे शेजारी बसलेल्या त्यांच्या जुन्या मित्राच्या हातावर घातले. मग दुसरं कणीस, दुसऱ्या माणसाला. असे चार-पाच जणांना वाढून झाल्यावर त्यांनी मायकडं पाहिलं आणि मान हलवली.

मायनं वाटी त्यांच्या नाकाशी नेली. "हुरडा. आपल्याच पट्ट्यातला." सिरिंज लावली. सगळ्यांच्या समोर, उजेडात, ज्या माणसानं महिनोन् महिने भिंतीकडं तोंड करून घेतलं होतं, त्यानं ताठ बसून हिरवं दूध नळीतून घेतलं. मायनं एकदाही थांबून नळीकडं बघितलं नाही.

मग त्यांच्या त्या मित्रानंच विचारलं, "काय पाटील, कसा हाय औंदाचा हुरडा?"

वडिलांनी अंगठा आणि बोट चोळून दाखवलं, तोंड वाकडं केलं. मायनं सांगितलं, "म्हणून राह्यले, दोन दिवस उशीर झाला. दाणा जरासा जून झालाय."

हशा पिकला. पुढं मळा नेहमीसारखा गजबजला. ताई एका बाजूला बसून हुरडा खात होत्या, गूळ जरा जास्तच घेत होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन आभार मानायला लागलो, तर म्हणाल्या, "दादा, आधी त्यांच्या पाठीचा लोड नीट करा, अर्धा तास ताठ बसायचंय अजून."

नळी उन्हाळ्याच्या तोंडाला निघाली. तेव्हा ताईंनी सगळं उलटं शिकवलं. इतके दिवस पातळ करायला शिकलेल्या मायला आता घट्ट करायला शिकावं लागलं, कारण गिळायला लागलेल्या माणसाला पाण्याचाच ठसका लागतो. दवाखान्यात गिळण्याची तपासणी झाल्यावर पहिला घास मऊ भाताचा, दह्यात कालवलेला. चव लागली नाही, म्हणाले. पण वाटी संपवली. चव पावसाळ्यात हळूहळू आली, सगळी नाही आली. तिखट अजून चालत नाही. बोलणं घोगरं आहे, नवख्याला निम्मं कळतं. पण बोलतात.

ह्या वर्षी श्रावणात ताईंचा फोन आला. माझ्यासाठी नव्हे, वडिलांसाठी. वडीगोद्रीला हमरस्त्याच्या कडेला एका गृहस्थांचं दुकान, त्यांचंही तेच ऑपरेशन झालं होतं. नळीला हात लावू देत नव्हते. "काका, तुम्ही याल का माझ्याबरोबर? माझं ऐकत नाहीत ते."

वडिलांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली. मी गाडी केली, माय पण निघाली. दुकानामागच्या खोलीत तो माणूस कॉटवर पडून होता. ताईंनी ओळख करून दिली, "हे आमच्यात काम करतात." वडिलांनी माझ्याकडं बघितलं नाही, पण मला त्यांची मान जरा सरळ झाल्यासारखी वाटली.

ते कॉटजवळ खुर्ची ओढून बसले. आपल्या आत बसलेल्या गालावरून हात फिरवून दाखवला. नाकापासून पोटापर्यंत बोट नेलं. मग आपल्या घोगऱ्या आवाजात विचारलं, "घरात काय शिजलंय आज?"

त्या माणसाला कळलं नाही. मायनं पुन्हा सांगितलं. त्यानं बायकोकडं पाहिलं. बायको दारातूनच म्हणाली, "चवळीची उसळ हाय. अन् भात."

"आना मंग," वडील म्हणाले. "मी बसतो हितं."

ताई थैलीतून गाळणी काढत आत निघाल्या होत्या. त्यांच्यासोबत ह्या वेळी आणखी एक मुलगी होती, नुकती शिकून आलेली, त्यांच्याकडं काम शिकायला लागलेली. मी बाहेर दुकानाच्या पायरीवर बसलो. रस्त्यावरून ट्रक जात होते. आतून मिक्सरचा आवाज आला, थांबला. मग बराच वेळ माझ्या वडिलांचं बोलणं ऐकू येत होतं, संथ, अडखळत, मधूनमधून मायचं. उसळ त्या दिवशी त्यानं निम्मीच घेतली. परतीच्या वाटेवर वडील गाडीत म्हणाले, पुढच्या गुरुवारी परत जायचंय, ताईला तसं सांगितलंय मी.